‘सर्वांना समान लागू राहील’ : नियम लिहिणाऱ्यांना एक खुलं पत्र

प्रति,
नियमावल्या, परिपत्रकं आणि प्रवेशाच्या अटी लिहिणाऱ्या समित्यांचे सन्माननीय सदस्य
(शाळा-महाविद्यालयांपासून सरकारी खात्यांपर्यंत सगळेच)

विषय : तुमच्या नियमावलीतलं समानतेचं कलम

स. न. वि. वि.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. नियमावल्या छापायला जाण्याआधी माझ्या टेबलावरून जातात. विषय कुठलाही असो, शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या कलमात एक वाक्य हटकून भेटतं : ‘सदर नियम सर्वांना समान रीतीने लागू राहतील.’ त्यात ऱ्हस्व-दीर्घाची चूक सहसा नसते, त्यामुळे माझ्या लाल पेनाला तिथे काही काम नसतं. पण वाचक म्हणून मला त्या वाक्याशी भांडायचं आहे.

ते लिहिताना तुमच्या मनात काय असतं हे मी समजू शकते. पंक्तिप्रपंच नको, वशिला नको, उद्या कोणी ‘त्याला दिलं, मग मला का नाही’ म्हणत दारात उभं राहायला नको. रास्तच आहे. पण सारखं वागवणं हासुद्धा एक निर्णयच असतो, वेगळं वागवण्याइतकाच. वेगळं वागवणाऱ्याला आपण लगेच कारण विचारतो. सारखं वागवणाऱ्याला कोणी विचारत नाही, आणि तोही ‘सब घोडे बारा टक्के’ करून मोकळा होतो.

सभागृहातल्या स्वच्छतागृहांचं बघा. आराखडा करणारा म्हणतो, पुरुषांना जेवढी जागा तेवढीच बायकांना, उजवं-डावं काही नाही. आता त्या जागेच्या आत शिरू. पुरुषांच्या बाजूला उभ्याने वापरायची भांडी भिंतीला ओळीने बसतात, त्यांना ना दार लागतं ना कडी. बायकांच्या बाजूला प्रत्येकीला बंद खोली हवी. त्यामुळे एकीकडे १० जणांची सोय होते तेवढ्याच जागेत दुसरीकडे ६ जणींची. त्यात कपडे, पाळी, गरोदरपण, कडेवरचं मूल. बायकांना वेळ दीडपट ते दुप्पट लागतो. हिशेबाला सोपं म्हणून पुरुषाला एक मिनिट धरू, बाईला दीड. दहा मिनिटांच्या मध्यंतरात त्या बाजूने १०० जण जाऊन येतात, या बाजूने ४० जणी. बाकीच्या रांगेत, आणि आत पडदा वर गेलेला. चौरस फूट मोजले तर इथे चोख समानता आहे, मिनिटं मोजली तर अजिबात नाही. न्यूयॉर्क शहराने २००५ साली नव्या नाट्यगृहांसारख्या सार्वजनिक जागांत बायकांसाठी दुप्पट सोय सक्तीची केली, तेव्हा ‘हे झुकतं माप झालं’ असं म्हणणाऱ्याला उत्तर द्यायला हा एवढा हिशेब पुरेसा होता.

त्या आराखड्यात कोणाच्या मनात खोट नव्हती, हे मुद्दाम सांगते. खोट नसतानाच हे जास्त घडतं, कारण ‘माणूस’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर एकच कोणीतरी उभा असतो. गाड्यांच्या धडक-चाचणीत जगभर वापरला गेलेला पुतळा अमेरिकेत १९७६ साली तयार झाला, तो मध्यम बांध्याच्या पुरुषाचा : उंची सुमारे १७५ सेंटिमीटर, वजन सुमारे ७८ किलो. गाडीत बसणारे सगळे तसेच असतात असं कोणी ठरवलं नव्हतं. कोणी विचारलं नाही, इतकंच.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर याहून बोलका आहे. करोनाच्या साथीत तो सगळ्यांच्या ओळखीचा झाला. तो बोटातून प्रकाश पाठवतो आणि त्यावरून रक्तातल्या प्राणवायूचा अंदाज बांधतो. त्वचेतलं मेलॅनिन त्यातला काही प्रकाश शोषून घेतं. अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदींवरून २०२० साली दिसून आलं की प्राणवायू खरोखर घसरलेला असताना यंत्र मात्र ठीकठाक आकडा दाखवतंय, हे काळ्या रुग्णांच्या बाबतीत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट प्रमाणात घडत होतं. आता समजा, तुमच्यापैकी कोणी नियम लिहिला की आकडा अमुकच्या खाली गेला तरच खाट मिळेल, सर्वांना समान. नियमाच्या भाषेत काही वावगं नाही. वावगं त्या आकड्यात आहे, आणि ज्याला खाट नाकारली गेली त्याला ते कळायचंही नाही.

हे वाचून कोणी लगेच दुसऱ्या टोकाला जाईल, की मग प्रत्येकाला त्याच्या परिस्थितीप्रमाणे वेगवेगळंच वागवायला हवं. तेही मला मान्य नाही. मताचा अधिकार घ्या. बेल्जियममध्ये १८९३ पासून काही पुरुषांना शिक्षण किंवा मालमत्तेच्या जोरावर दोन-तीन मतं देता येत, ते १९१९ साली थांबलं. ब्रिटनमध्ये पदवीधरांना विद्यापीठाच्या मतदारसंघात दुसरं मत होतं, ते १९४८ च्या कायद्याने गेलं. या पद्धतींमागचा तर्क वेडगळ नव्हता. अर्थसंकल्प काहींना इतरांपेक्षा जास्त कळतो, यात खोटं काय आहे? पण कोणाच्या मताला किती वजन द्यायचं हे ठरवणारा तराजू कोणाच्या तरी हातात द्यावा लागतो, आणि ज्याच्या हातात तो जातो त्याचं स्वतःचं पारडं हलकं राहिल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही. म्हणून मतपेटीपाशी सगळे फरक डोळ्याआड करायचे. तिथे कोरडी, आंधळी, मोजून-मापून सारखी समानताच हवी.

अर्थात मतपेटीपाशीच थांबायचं नाही. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत याचीच जाणीव करून दिली होती : राजकारणात एक माणूस, एक मत, एक मूल्य मानणार आणि सामाजिक-आर्थिक जीवनात मात्र माणसाचं ते समान मूल्य नाकारत राहणार, हा विसंगतीचा संसार आपण किती काळ चालवणार? पंचाहत्तरहून जास्त वर्षं झाली. विसंगतीचा संसार चांगलाच टिकाऊ निघाला.

तर तुमच्यापुढचं खरं काम हे, की कुठला फरक झाकायचा आणि कुठला बघायचा. पाश्चात्त्य वाद्यवृंदांत वादक निवडताना १९७० नंतर हळूहळू पडदा लावायची पद्धत रुळली. वाजवणारा कोण आहे हे परीक्षकांना दिसू नये म्हणून पडदा, आणि काही ठिकाणी टाचांच्या आवाजावरून बाई की पुरुष हे कळू नये म्हणून मंचावर गालिचासुद्धा. निवडायचा होता सूर, आणि बाकी जे दिसतं ते निकाल बिघडवणारं होतं. म्हणून झाकलं. तोच पडदा दवाखान्यात डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामध्ये लावला तर रुग्ण मरेल.

परीक्षेत या दोन्हींची गाठ पडते, म्हणून तिथे जरा थांबते. दृष्टी अधू असलेल्या मुलीला तीन तासांच्या पेपरला जादा वेळ मिळतो. शेजारच्या बाकावरचा मुलगा कुरकुरतो, ‘मला अर्धा तास जास्त मिळाला असता तर माझेही दहा गुण वाढले असते.’ त्याला ‘तुला दयामाया नाही का’ असं म्हणणं हे उत्तर नव्हे. तो खरं बोलतोय, आणि त्याला खरं उत्तर मिळायला हवं. ते असं : हा पेपर इतिहासाचा आहे. त्याला तुझा इतिहास मोजायचाय, तिचाही इतिहासच मोजायचाय. भिंग सरकवत ओळ न् ओळ वाचायला तिचा जो वेळ जातो तो इतिहासाचा नाही. तो वजा केल्याशिवाय तुमची दोघांची तुलनाच होत नाही. पण हीच मुलगी उद्या न्यायालयात लघुलेखकाच्या जागेसाठी बसली, आणि तिथे बोलणाऱ्याच्या वेगानेच लिहून घेणं हेच काम असेल, तर जादा वेळ देणं म्हणजे परीक्षाच बदलणं होईल. तिथे तिला वेगळी साधनं द्या, मोठ्या अक्षरांचा पडदा द्या, पण मिनिटं वाढवता येणार नाहीत. मुलगी एकच, दृष्टी तीच, तरी दोन ठिकाणी दोन उत्तरं. आपण नेमकं काय मोजतोय हे आधी ठरलेलं असेल तरच ती देता येतात. आणि माझा अनुभव असा, की निम्म्या नियमावल्यांत हेच लिहिलेलं नसतं.

आपल्या न्यायालयांनी ही कसोटी फार पूर्वीच घालून दिली आहे. संविधानाच्या कलम १४ चा, म्हणजे कायद्यापुढच्या समानतेच्या कलमाचा, अर्थ सर्वांना एकाच दावणीला बांधा असा त्यांनी केला नाही. पश्चिम बंगालच्या विशेष न्यायालयांच्या कायद्यावरचा १९५२ चा निकाल, अन्वर अली सरकार खटल्यातला, आजही दाखल्याला घेतला जातो. कुठला खटला नेहमीच्या न्यायालयाऐवजी विशेष न्यायालयात पाठवायचा हे ठरवायला त्या कायद्यात निकषच नव्हता, सगळं सरकारच्या मर्जीवर. न्यायालयाने त्याआधारे केलेली कारवाई टिकू दिली नाही. कसोटी साधी आहे : लोकांचे गट पाडायचे तर फरक समजण्याजोगा हवा, आणि त्या फरकाचा नियमाच्या हेतूशी संबंध हवा. माझं म्हणणं इतकंच की गट न पाडणाऱ्यालाही हीच कसोटी लावा. फरक दिसत असताना, आणि त्याचा हेतूशी संबंध असताना, तुम्ही तो बघितला नाहीत, तर का नाही?

दंडाचं उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. ठरावीक रकमेचा दंड एकाचा महिना खातो आणि दुसऱ्याला तो पार्किंगचं भाडं वाटतो. फिनलंडमध्ये १९२१ पासून दंड उत्पन्नावर ठरवायची पद्धत आहे. २००२ साली तिथे नोकियाच्या एका बड्या अधिकाऱ्याला वेगात मोटरसायकल चालवल्याबद्दल १ लाख १६ हजार युरोंचा दंड झाला होता (पुढे तो बराच कमी झाला, ती गोष्ट वेगळी). रक्कम सारखी की चटका सारखा, यातलं एक निवडावंच लागतं.

एवढं सगळं तुम्ही मान्य केलंत, तरी समानतेच्या मागे लागताना कुठे थांबावं लागतं हेही बोलायला हवं. समानतेच्या बाजूने लिहिणारे त्याबद्दल सहसा गप्प बसतात.

अमेरिकेतल्या सिएटल शहरातली १९६२ ची गोष्ट. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाला वर्षानुवर्षं यंत्रावर जगवता येईल, असं तंत्र तिथल्या बेल्डिंग स्क्रिबनर या डॉक्टरांनी नुकतंच शोधलं होतं. यंत्रं मोजकी, गरजू पुष्कळ. आधी डॉक्टरांनी वैद्यकीय निकषांवर चाळण लावली, तरी उमेदवार जास्तच उरले. मग सात जणांची समिती नेमली. त्यात एक वकील, एक धर्मगुरू, एक बँकवाला, एक गृहिणी, एक कामगार नेता, एक सरकारी अधिकारी, एक शल्यविशारद. नावं गुप्त. या सात भल्या माणसांनी रुग्णाचं वय, लग्न, मुलंबाळं, मिळकत, शिक्षण, नोकरी बघितली, तो चर्चला जातो का हेही बघितलं. आपल्यासारखी माणसं आपल्याला लायक वाटतात, तसंच त्यांनाही वाटलं. हे छापून आलं तेव्हा गदारोळ झाला, तो योग्यच होता. पण त्यांच्या जागी आपण असतो तर? दहा माणसांना चार यंत्रं समान वाटून देता येत नाहीत. प्रत्येकाला थोडा थोडा वेळ दिला तर दहाही मरतील. वैद्यकीयदृष्ट्या सगळे सारखेच असतील तर चिठ्ठ्या टाकणं हा मला त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग वाटतो. चिठ्ठी निदान कोणाच्या आयुष्याची किंमत करत नाही. पण चिठ्ठीने पाचवं यंत्र येत नाही. ते आलं १९७२ च्या कायद्याने, जेव्हा अमेरिकेच्या संसदेने अशा जवळपास सर्व रुग्णांच्या उपचारांचा खर्च सरकारी विम्याखाली घेतला. वाटपाचा नियम कितीही नितळ असला तरी तुटवड्यावर तो औषध नाही. तुमच्यापैकी जे वसतिगृहाच्या जागांचे आणि शिष्यवृत्त्यांचे निकष वर्षानुवर्षं घासूनपुसून लखलखीत करत बसता, त्यांनी अधूनमधून वरच्यांना जागा वाढवायचंही पत्र लिहावं.

दुसरी मर्यादा जॅक्सन शहराने दाखवली, अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या. तिथे गोऱ्यांचे पोहण्याचे तलाव वेगळे, काळ्यांचा वेगळा. वेगळेपण बेकायदा ठरल्यावर शहराने काय करावं? सगळ्यांना एकत्र पोहू द्यायच्या ऐवजी नगरपालिकेने आपले तलावच बंद केले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७१ साली पाच विरुद्ध चार मतांनी शहर जिंकलं : कोणालाच पोहू दिलं नाही, म्हणजे कोणाशीच भेदभाव झाला नाही! कायद्याचे जाणकार त्यावर अजून वाद घालतात, घालोत. मला त्यात दिसतं ते हे, की ‘सर्वांना समान’ ही अट पाण्याचा थेंबही न ठेवता तंतोतंत पाळता येते. म्हणून एका मुलीची सवलत दुसऱ्यांच्या डोळ्यांत खुपते म्हणून ती सरसकट काढून टाकायची, हा उपाय समानतेच्या नावाखाली माझ्यासमोर येतो तेव्हा मला ते कोरडे तलाव आठवतात.

आणि काही दारं अशी आहेत जिथे तुमचा नियम पोचूच नये. रोज रात्री मुलाला गोष्ट वाचून दाखवणारी आई त्या मुलाला शेजारच्या मुलापेक्षा पुढे नेते, यात शंका नाही. ती विषमताच आहे. पण तिला थांबवणारा नियम करायची इच्छा ज्याला होईल त्याच्यापासून देव वाचवो. गोष्ट वाचायला ज्यांच्या घरी कोणी नाही त्यांच्यासाठी वाचनालय काढा, त्याची वेळ संध्याकाळी उशिरापर्यंत ठेवा, तिथे माणूस नेमा. मैत्री, प्रेम, कौतुक यांचंही तसंच. प्रत्येकाच्या कवितेला सारखी दाद मिळावी असा हक्क नाही. प्रत्येकाला ती वाचून दाखवायची पाळी मिळावी, एवढाच आहे.

सवलती लिहिणाऱ्यांच्या नजरेतून नेहमी निसटतं ते असं. फरक बघायचा म्हटला की तो सिद्ध करायला लावला जातो. दाखला आणा, त्यावर सही आणा, सही जुनी झाली म्हणून नवी आणा. जन्मापासून जो पाय नाही तो यंदाही नाही, हे दरवर्षी एका खिडकीपाशी उभं राहून सांगायचं. वेगळ्या वागणुकीची ही किंमत ज्याच्यासाठी ती आहे त्याच्याकडूनच वसूल होते, आणि पुष्कळ जण ती देण्यापेक्षा सवलत सोडून देतात. अशा वेळी सर्वांसाठी सारखं, पण नीट विचार केलेलं, काहीतरी करणं जास्त शहाणपणाचं असतं. पदपथाच्या कडेला उतार काढला की चाकाच्या खुर्चीवाल्याला कोणाला दाखला दाखवावा लागत नाही, आणि बाळाची गाडी ढकलणारा बापही त्याच उताराने खाली उतरतो. जिना ठेवून ‘गरजूंनी अर्ज करावा’ असं लिहिणं स्वस्त पडतं, एवढंच त्याचं समर्थन.

आता मागणी. ते कलम काढून टाका असं मी म्हणत नाही. त्याच्याखाली चार ओळींची जागा करा. हा नियम काय साधण्यासाठी आहे ते एका ओळीत लिहा. लिहिताना कुठले फरक मुद्दाम दुर्लक्षित केले आणि का, ते दुसऱ्या ओळीत. समितीच्या बैठकीत ज्यांच्यावर याचा सगळ्यात जास्त भार पडणार त्यांच्यापैकी कोणी हजर होतं का, हे तिसरीत. नव्हतं तर ‘नव्हतं’ असं लिहा, तेवढी लाज बाळगायला हरकत नाही. चौथ्या ओळीत हे, की नियम आपल्याला अडवतो असं ज्याला वाटतं त्याने कोणाकडे जायचं आणि उत्तर किती दिवसांत मिळेल. कृपा करून तिथे ‘सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा’ असं नको. कुठल्या मजल्यावर, कुठल्या टेबलाशी, किती ते किती वाजेपर्यंत, हे लिहा. त्या मजल्यावर लिफ्ट जाते का, हेही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक मुद्रितशोधक